बाळंतपण झालं, पुढचे चोवीस तास कोण पाहतंय?

प्रश्न असा आला आहे: विकसनशील देशांत दवाखान्यातली बाळंतपणं एवढी वाढली, तरी बाळंतिणी आणि तान्ही बाळं अजून का दगावतात? प्रसूतीनंतरच्या काळजीत नेमकं काय व्हायला हवं, कधी आणि कोणी करायचं? आणि जिथे आरोग्यसेविका घरी पोचूच शकत नाही, तिथे फोनवरची विचारपूस चालेल का?

फोनचं उत्तर शेवटी देते, कारण आधीचं सगळं कळल्याशिवाय ते ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही.

मी परिचारिका-प्रसाविका. बरीच वर्षं प्रसूतिकक्षात काढली, आता आरोग्यसेविकांना शिकवते. पहिल्या वर्गात मी एक जुनी आठवण सांगते. रात्रपाळी होती. एका बाईचं बाळंतपण व्यवस्थित झालं, वार पूर्ण पडली, बाळ रडलं. दीड तासाने मी तिच्या खाटेपाशी जाऊन विचारलं, “बरं वाटतंय ना?” ती म्हणाली, “हो.” मी नोंदवहीत ‘प्रकृती ठीक’ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. अर्ध्या तासाने तिच्या आईने हाक मारली. पांघरूण बाजूला केलं तर खालची चादर भिजून गादीत रक्त मुरलं होतं. नाडी भराभर चालत होती, हात गार पडले होते. ती वाचली, पण त्यात माझं श्रेय काही नाही. वाहन दारात होतं आणि मोठ्या दवाखान्यात तिच्या गटाचं रक्त मिळालं, म्हणून वाचली. मी तिची विचारपूस केली होती, तिला तपासलं नव्हतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर या दोहोंतल्या फरकात आहे.

आधी वेळेचा हिशेब मांडते. २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख बाळं जन्मल्यापासून महिनाभराच्या आत गेली. त्यांतली साधारण तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यात आणि जवळजवळ १० लाख पहिल्या चोवीस तासांत. २०२३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया मेल्या, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. अतिरक्तस्राव हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. तो बहुतेक वेळा वार पडल्यानंतरच्या काही तासांतच होतो. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तो बाळंतपण ‘सुखरूप’ झालं म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात, त्या वेळी. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जातात, नातेवाईक बाळाभोवती जमतात, परिचारिका कळा देणाऱ्या दुसऱ्या बाईपाशी असते. नुकती बाळंत झालेली बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ती झोपली आहे असं सगळ्यांना वाटतं.

गेल्या वीस वर्षांत अनेक देशांनी दवाखान्यात बाळंतपण करा, असा आग्रह धरला आणि ते योग्यच होतं. पण मोजमाप झालं ते बाळंतपणाचं, त्यानंतरच्या तासांचं झालं नाही. खाटा कमी आणि बायका जास्त, त्यामुळे चार-सहा तासांत घरी पाठवणं सर्रास होऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या काळजीच्या शिफारशी नव्याने काढल्या. त्यांत स्वच्छ म्हटलं आहे की गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणानंतरही आई आणि बाळ किमान चोवीस तास दवाखान्यात राहावेत. त्यानंतर निदान तीन भेटी: ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिली भेट जितकी लवकर जमेल तितकी लवकर, चोवीस तासांच्या आत.

हे वेळापत्रक भिंतीवर लावणं सोपं आहे. त्या चोवीस तासांत काय करायचं, ते आता सांगते.

बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवा. बेंबीच्या आसपास गर्भाशयाची पिशवी हाताला लागते. ती कपाळासारखी टणक लागायला हवी. मऊ लागली तर गोल चोळून ती आकसते का, ते लगेच बघायचं. लघवी झाली का, हे विचारायचं, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला नीट आकसू देत नाही. सहा तासांत लघवी व्हायलाच हवी आणि ती झाल्याची नोंदही हवी. रक्त टिपायला ठेवलेली कापडाची घडी उलगडून बघायची, बाईच्या खाली हात घालून चादर चाचपायची. रक्त पाठीकडे ओघळतं आणि वरून घडी कोरडी दिसते. नाडी मोजायची. पहिले दोन तास हे सगळं दर पंधरा मिनिटांनी, नंतर अंतर वाढवत. रक्तदाब बाळंतपणानंतर लगेच आणि तो ठीक असला तरी सहा तासांच्या आत पुन्हा एकदा. अंगाला ताप आहे का, तेही बघायचं. या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात. एका पाळीला एकच परिचारिका असलेल्या ठिकाणी तीन-चार मिनिटं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तरीही यातलं काय वगळू, असं कुणी विचारलं तर मी काहीच वगळू देत नाही. हवं तर पोटावर हात ठेवायचं आणि घडी बघायचं काम तिच्या आईला किंवा सासूला शिकवा. त्या ते उत्तम करतात आणि पिशवी मऊ लागली की हाकही मारतात.

रक्त डोळ्यांनी मोजण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या व्यवसायात या गोष्टीने फार माणसं मारली आहेत. आम्ही अंदाज बांधतो आणि तो जवळजवळ नेहमी कमी निघतो. रक्त कापडात मुरतं, जमिनीवर सांडतं, वारेच्या भांड्यात पाण्यात मिसळतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या जवळपास ८० रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिथे बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि रक्त ठरावीक रेषेपर्यंत आलं की सगळे उपाय एकदमच सुरू करायचे, असं ठरवलं: गर्भाशय चोळणं, ते आकसवणारं औषध, रक्त वाहणं थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्त कुठून येतंय त्याची तपासणी. आधीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जवळपास निम्म्या बायका कुणाच्या लक्षातच येत नव्हत्या. पिशवी लावल्यावर दहातल्या नऊ लक्षात येऊ लागल्या. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. यात औषध एकही नवीन नव्हतं. मोजलं आणि थांबून राहिले नाहीत, एवढंच नवीन होतं. पूर्वी एक उपाय करून वाट बघायची, मग दुसरा, मग तिसरा, अशी शिडी असायची आणि तोवर रक्त वाहत राहायचं.

२०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सूचना आणखी कडक केल्या. ५०० मिलिलिटरची वाट पाहू नका, ३०० मिलिलिटर रक्त गेलं असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर उपचार सुरू करा, असं आता सांगितलं जातं. रक्तक्षय असलेल्या बाईला ३०० मिलिलिटरही जड जातं, हे आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांना कुठल्याही चाचणीआधी माहीत होतं.

औषधांबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नका. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. वीज जाते, फ्रिज बंद पडतो, कुपी टेबलावर दिवसभर राहते आणि मग सुई देऊनही गर्भाशय आकसत नाही. त्याच कामाचं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आता आहे. २०१८ मध्ये १० देशांतल्या सुमारे ३० हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, रक्तस्राव टाळण्याच्या बाबतीत ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी नाही, असं दिसलं. जिथे सुईच देता येत नाही तिथे त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बाळंतपणापासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग, म्हणून बाई दुसरीकडे पाठवायची असेल तर ते आधी द्यायचं आणि चिठ्ठीवर वेळ लिहायची.

आता बाळाकडे वळू. पहिली गोष्ट ऊब. गर्भातून बाहेर आलेलं ओलं बाळ झपाट्याने गार पडतं. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, न ओढणाऱ्या बाळाची साखर उतरते आणि साखर उतरली की ते आणखी मरगळतं. बाळ कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवा, वरून दोघांना मिळून पांघरूण, बाळाच्या डोक्याला टोपी. नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबा. अंघोळ निदान चोवीस तास नको. अंगावरचा पांढरा थर घासून काढायची घाई मोठ्या दवाखान्यांतही पाहिली आहे, बाळ ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून.

तापमापक नसेल तर आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर धोका आहे. शिकवायला एक मिनिट पुरतं आणि आजीच्याही लक्षात राहतं.

दूध पहिल्या तासात. पहिलं पिवळसर, घट्ट चीकदूध हेच बाळाचं पहिलं संरक्षण. बोटाला लावून दुसरं काहीही चाटवायचं नाही, पाणीही नाही. मी दूध पाजताना बसून बघते. ‘पितंय’ या शब्दावर माझा भरवसा नाही. तोंड मोठं उघडलं आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, गिळल्याचा आवाज येतो का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. सुरुवातीच्या दिवसांत वजन थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांत भरून आलं नाही तर काहीतरी चुकतंय. पहिल्या चोवीस तासांत शी आणि पहिल्या दोन दिवसांत लघवी व्हायला हवी. व्हिटॅमिन के आणि कावीळ-बची लस पहिल्याच दिवशी, बाळ घरी जाण्याआधी द्यावी.

धोक्याची लक्षणं मी वर्गात फळ्यावर लिहीत नाही, बाळ हातात घेऊन सांगते. जे बाळ काल पीत होतं ते आज ओढत नाही, हे पहिलं आणि सगळ्यांत खरं. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास (पूर्ण मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास अडखळत चालतो). छाती खोल आत ओढली जाणं. झटके. हलवलं तरच हलतं किंवा तेही नाही. अंग तापलेलं किंवा फार गार. पहिल्याच दिवशी पिवळेपणा किंवा कोणत्याही दिवशी तळहात-तळपाय पिवळे. पिवळेपणा उजेडात, दारापाशी आणून, त्वचा बोटाने दाबून बघायचा. सावळ्या बाळात तो डोळ्यांना फसवतो, म्हणून शक्य तिथे घरी पाठवण्याआधी यंत्राने मोजावा.

यातलं एकही लक्षण दिसलं तर बाळ दवाखान्यात जायला हवं. पण पुस्तकात न लिहिलेला प्रश्न पुढचा: घरचे नेत नाहीत किंवा नेऊच शकत नाहीत, मग? यावर सर्वांत धाडसी उत्तर गडचिरोलीत दिलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवलं. बाळंतपणाला हजर राहायचं, पहिल्या महिन्यात ठरावीक दिवशी घरी जायचं, वजन-ताप-श्वास मोजायचे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं जुळली तर घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुई स्वतः द्यायची. तेव्हा अनेक डॉक्टरांना हे भयंकर वाटलं होतं. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा ३९ गावांतले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पुढे आफ्रिका आणि आशियातल्या अभ्यासांतून हाच विचार पक्का झाला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की मोठ्या रुग्णालयात नेणं शक्य नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रातून जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन हे दुसरं प्रतिजैविक असा उपचार करता येतो. दवाखान्यात नेणं याहून चांगलं, पण काहीच न करण्यापेक्षा हे फार चांगलं.

गडचिरोलीची नक्कल पुढे पुष्कळ झाली, पण ‘घरभेट’ एवढाच भाग उचलला गेला. बांगलादेशात सिल्हेटला २००८ मध्ये घरभेटींनी नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. त्याच कार्यक्रमाच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की फायदा मुख्यतः ज्या बाळांना पहिली भेट पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी मिळाली त्यांना झाला. त्यानंतर पहिल्यांदा गेलेल्या भेटीचा तसा परिणाम दिसला नाही. पाचव्या दिवशी जाऊन पाच भेटींचा कागद पूर्ण करता येतो, पण ज्या बाळासाठी तो कागद बनला ते बहुधा दुसऱ्याच दिवशी गेलेलं असतं. म्हणून मी पर्यवेक्षकांना सांगते, नोंदवहीत ‘किती भेटी’ हा रकाना शेवटी बघा. आधी ‘पहिली भेट जन्मानंतर किती तासांनी’ हे बघा. असा रकानाच नसतो बऱ्याचदा.

नाळेचा विषय लहान वाटतो, पण इथे सगळ्या जगासाठी एक धडा आहे. नेपाळमध्ये सर्लाही जिल्ह्यातल्या चाचणीत, २००६ मध्ये, नाळेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावल्याने नवजात मृत्यू साधारण एक-चतुर्थांशाने कमी झाले आणि देशाने ते मलम गावोगाव पोचवलं. मग सगळ्यांनी ते उचललं. झांबियात आणि टांझानियाच्या पेम्बा बेटावर तशाच चाचण्या झाल्या, तिथे मृत्यू घटले नाहीत. नेपाळमध्ये त्या काळी बहुतेक बाळंतपणं घरी होत आणि नाळेला काहीबाही लावलं जाई. ज्या जागी नाळ कोरडी आणि मोकळी ठेवली जाते तिथे औषधाला करायला फारसं काही उरत नाही. आता शिफारस अशीच आहे: जिथे नाळेला घातक पदार्थ लावायची पद्धत आहे तिथेच क्लोरहेक्सिडीन, बाकी सगळीकडे नाळ कोरडी, स्वच्छ, काहीही न लावलेली. आणि बाटलीतलं द्रावण डोळ्यांचे थेंब समजून घातल्याने काही बाळांचे डोळे गेले आहेत, त्यामुळे मलमाचीच नळी द्या आणि ती कशासाठी आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगा.

अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी मला सर्वांत जास्त भरवसा कांगारू पद्धतीचा वाटतो. ती गरजेतून जन्मली. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे डॉ. एडगर रे यांच्या प्रसूतिगृहात बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवली जात आणि जंतुसंसर्ग पसरे. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. बरीच वर्षं या पद्धतीकडे ‘गरिबांचा उपाय’ म्हणून पाहिलं गेलं, आणि तीही बाळ स्थिर झाल्यावरच सुरू करायची, असा नियम होता. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या मोठ्या चाचणीत, १ किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबरच, स्थिर होण्याची वाट न बघता, छातीशी ठेवलं. मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. यासाठी नवजात कक्षात आईची खाट लागते. आमच्याकडच्या बहुतेक कक्षांच्या दारावर ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ असं लिहिलेलं असतं आणि त्या नातेवाइकांत आईही मोजतात. ती पाटी बदलायला पैसा फारसा लागत नाही, पण इमारत बांधणं सोपं वाटावं इतकी ती जड जाते.

आता आईकडे परत येते. चोवीस तासांनंतर सगळ्या भेटी ‘बाळाच्या’ होतात आणि ती बाळाला धरणारी व्यक्ती म्हणून उरते. रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो, म्हणजे ती घरी असताना. गरोदरपणात दाब ठीक होता, म्हणून आता निश्चिंत राहता येत नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, वरच्या पोटात दुखणं यातलं काहीही असेल तर आधी दाब मोजा. वाढलेल्या दाबाने झटके घरी येतात आणि भूतबाधा समजून वेळ जातो. ताप, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास हा जंतुसंसर्ग. त्याला प्रतिजैविकं लागतात, विश्रांती नाही. पोटरी एका बाजूने सुजून दुखत असेल तर चोळू नका, दाखवा. एक छाती लाल, गरम, दगडासारखी झाली तरी पाजणं थांबवू नका. लोहाच्या गोळ्या निदान सहा ते बारा आठवडे. पुढच्या गरोदरपणात दोन वर्षं तरी अंतर राहावं म्हणून पाळणा लांबवायची साधनं याच भेटीत बोलायची, आणि तिच्याशी एकटीने. पाळी अजून आली नाही म्हणून दिवस जाणार नाहीत, ही समजूत सहाव्या आठवड्याला मोडायलाच हवी.

मनाचं कुणी विचारत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, तिथल्या नेहमीच्याच आरोग्यसेविकांना नैराश्य असलेल्या आयांशी बोलण्याची एक साधी, ठरावीक पद्धत शिकवली. २००८ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी नेहमीच्या भेटी मिळालेल्या आयांपैकी निम्म्याहून अधिकजणी अजून नैराश्यात होत्या, शिकलेल्या सेविकांनी भेटी दिलेल्यांपैकी चौथाईपेक्षाही कमी. मी स्वतः आधी झोपेबद्दल विचारते: “बाळ झोपलं की तुला झोप लागते का?” बाळ झोपूनही आईला झोप लागत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल, तर बसून ऐकायची वेळ झाली. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं, असं ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि तिला एकटीला ठेवायचं नाही.

आणि जिचं बाळ गेलं, तिच्या घरी कोण जातं? कागदावर भेट बाळाची असते. बाळ नाही तर भेटही नाही. तिच्या अंगावरून रक्त जातंच आहे, तिचाही दाब वाढू शकतो, तिचंही दूध दाटतं आणि ते कसं थांबवायचं हे तिला सांगायला कुणी नसतं. माझ्याकडे शिकणाऱ्या सेविकांना मी त्या घरी आधी पाठवते. सुरुवातीला त्या घाबरतात, काय बोलावं कळत नाही म्हणून. पोट तपासा, दाब मोजा, छाती बघा, बोलणं आपोआप सुरू होतं.

हे करायचं कोणी, असं तुम्ही विचारलंत. जिच्याकडे हात आणि वेळ आहे, तिने. एका सेविकेकडे शेकडो घरं, दहा प्रकारच्या नोंदवह्या आणि लसीकरणाचं सत्र असं सगळं असेल तर ती नवजात बाळाकडे उंबऱ्यावरूनच बघून परतणार. तिला दोष देता येत नाही. नेपाळमध्ये मकवानपूरला वेगळी वाट धरली. गावातली एक बाई दर महिन्याला बायकांची बैठक घ्यायची, त्यात बाळंतपणाच्या अडचणी मांडायच्या आणि बायकांनीच उपाय ठरवायचे: वर्गणी, डोली, स्वच्छ पातं असलेली बाळंतपणाची पुडी. २००४ मध्ये छापलेल्या निष्कर्षात नवजात मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. सेविकेला मोकळा हात हवा असेल तर गावालाही हे शिकावं लागतं.

आता फोन. पहिल्या चोवीस तासांसाठी फोन चालणार नाही. फोनवरून पिशवीची टणकी, घडी, दाब आणि बाळाचे गार तळपाय कळत नाहीत. घर इतकं दूर असेल की तिसऱ्या दिवशीही कुणी पोचणार नाही, तर बाईला दवाखान्यात चोवीस तासांऐवजी तीन दिवस ठेवून घ्या आणि सोबतच्या बाईलाही जेवण द्या, म्हणजे ती थांबेल. मधल्या दिवसांसाठी मात्र फोन चांगला, पण ‘सगळं ठीक ना?’ असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं होतं. फोन बाळाच्या वडिलांनी घेतला तर आईकडे द्यायला सांगा. “बाळ शेवटचं कधी प्यायलं?” “कालच्यापेक्षा जास्त ओढतंय की कमी?” “काल किती वेळा ओलं केलं?” “आता त्याचे पाय हातात धर, कसे लागतात?” “तू आज किती घड्या बदलल्यास, शेवटची किती भिजली होती?” “डोकं दुखतंय?” आणि मग थोडं थांबा, ती काय विचारते ते ऐका. एकाही उत्तरात शंका वाटली तर त्याच दिवशी माणूस पाठवा किंवा त्यांना बोलवा. फोन सकाळी करा. संध्याकाळी केलात आणि काही निघालं, तर दिवस मावळल्यावर त्यांना वाहन मिळणार नाही.